पोखराला पहिल्यांदा जाताय? कागदपत्रांपासून परतीच्या गाडीपर्यंत सगळं क्रमाने

नेपाळच्या बऱ्याच पॅकेज टूरमध्ये पोखरा दोन रात्रींचं असतं. म्हणजे पहिल्या दिवशी काठमांडूहून दिवसभर बसमध्ये आपटत संध्याकाळी पोचायचं, दुसऱ्या दिवशी गाडीतून सात-आठ पॉइंट बघायचे, तिसऱ्या दिवशी पहाटे बॅगा परत डिकीत. आणि मग लोक घरी येऊन सांगतात की पोखरा छान आहे हो, पण हिमालय काही दिसला नाही, ढग होते. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण हिमालय तिथेच असतो, फक्त तो सकाळी दिसतो. सूर्य उगवल्यापासून साधारण नऊ-दहापर्यंत. मग खोऱ्यातली हवा तापून वर चढते आणि शिखरांवर ढग धरतात, दुपारी सगळं झाकलेलं, संध्याकाळी कधीकधी परत थोडं उघडतं. त्यामुळे पोखराचा प्लॅन करताना किती दिवस असा हिशोब करू नका, किती सकाळी हातात आहेत तो करा. निदान तीन सकाळी मोकळ्या हव्यात, चार मिळाल्या तर फारच छान. खालचं सगळं हेच धरून लिहिलंय.

आधी जागा समजून घ्या

पोखरा काठमांडूच्या पश्चिमेला २०० किलोमीटरवर, गंडकी प्रदेशाची राजधानी. शहराची उंची समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपलं महाबळेश्वर याहून बरंच उंच आहे! हे मुद्दाम सांगतेय कारण हिमालय म्हटलं की लोक जाड जाड स्वेटर भरतात आणि पोखरात ऑक्टोबरच्या दुपारी हाफ शर्टात फिरतात. पण तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर अन्नपूर्णाची रांग उभी आहे, सात-आठ हजार मीटरची, मध्ये दुसरे मोठे डोंगर आडवे न येता. इतक्या खालून इतकं उंच एकदम दिसतं म्हणून ते अंगावर येतं. आणि याच भिंतीला ढग अडतात म्हणून नेपाळमधला सगळ्यात जास्त पाऊस पण याच भागात पडतो.

एक गोष्ट जायच्या आधी डोक्यात ठेवा, तिथे गेल्यावर फार मजा येते. पोखरातून जे सगळ्यात उंच वाटतं ते टोकदार शिखर म्हणजे माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर. ते जवळ आहे म्हणून उंच वाटतं. खरं उंच अन्नपूर्णा एक, ८,०९१ मीटर, पण ते मागे डावीकडे लपल्यासारखं आहे. माछापुच्छ्रेला माशाच्या शेपटीवरून नाव आहे पण शहरातून ती शेपटी दिसत नाही, एकच सुळका दिसतो, दोन टोकं बघायची तर पश्चिमेकडून, घांद्रुकच्या बाजूने बघावं लागतं. १९५७ साली एक ब्रिटिश टीम शिखराच्या अगदी जवळ, साधारण पन्नास मीटर खाली जाऊन थांबली, टोकावर पाय ठेवला नाही, आणि त्यानंतर नेपाळ सरकारने त्यावर चढायला परवानगीच दिलेली नाही. स्थानिक लोक ते पवित्र मानतात.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. पावसाने हवा धुतलेली असते, पोखराचं फेवा तळं भरलेलं असतं. नेमकी आपली दिवाळीची सुट्टी त्यातच येते, पण त्याच वेळी नेपाळचं दशैं आणि तिहार पण असतं, म्हणजे आपला दसरा आणि दिवाळी. दशैंत सगळा नेपाळ आपापल्या गावी जातो, बसची तिकिटं मिळत नाहीत, विमानं भरलेली, काही दुकानं बंद. देवीच्या देवळांत बळी पण दिले जातात, लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. तिहार मात्र बघण्यासारखं, दारोदार दिवे, रांगोळ्या, पोरं गाणी म्हणत फिरतात, एक दिवस कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात. तेव्हा जाताय तर हॉटेल आणि परतीचं तिकीट दोन्ही आधीच करून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंडी चांगलीच असते, तळ्यावर धुकं असतं, पण आकाश स्वच्छ आणि गर्दी कमी. मला स्वतःला हा काळ आवडतो. मार्चपासून हवेत धूसरपणा यायला लागतो, एप्रिलमध्ये जंगलातल्या वणव्यांचा धूर इतका साचतो की कधीकधी आठवडाभर शिखर दिसत नाही. नेमकी मुलांची परीक्षा संपून लोक तेव्हाच निघतात. जायचंच असेल तर जा, तळं आहे, डोंगर आहेत, पण हिमालयाची आशा कमी ठेवा. शिवाय या दिवसांत दुपारनंतर वादळ आणि गारपीट होते. जून ते सप्टेंबर तर नकोच, दरडी पडतात, रस्ते तासन्‌तास बंद, आणि जंगलात जळवा.

कागदपत्रं

व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं आणि इथेच लोक अडकतात. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक, तेही ओरिजिनल. आधार कार्ड मोठ्या माणसांसाठी चालत नाही. पंधरा वर्षांखालची मुलं आणि पासष्टच्या वरचे ज्येष्ठ यांना आधार किंवा इतर फोटोवाली ओळखपत्रं चालतात. पंधरा ते अठरामधल्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच घेऊन ठेवा, सुट्टी लागली की शाळेत कोणी भेटत नाही. रस्त्याने जाताना तपासणी सैल असते हे खरं, तरी कागद हेच ठेवा. आणि पासपोर्ट साइज फोटो चार-सहा टाका बॅगेत, सिम कार्डला आणि परमिटला लागतात.

पोचायचं कसं

दोन रस्ते आहेत, एक काठमांडूवरून आणि एक गोरखपूरवरून.

काठमांडूपर्यंत विमान, मुंबईहून थेट मिळालं तर उत्तम, नाहीतर दिल्लीहून. पुढे पोखराला छोटं विमान जातं, अर्धा तास. बुकिंग करताना प्रवाशाचं राष्ट्रीयत्व भारतीय असंच निवडा, कारण नेपाळच्या देशांतर्गत विमानांत नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी यांचे दर वेगवेगळे असतात. काठमांडूहून जाताना उजवीकडची खिडकी मागा, येताना डावीकडची, कारण हिमालय उत्तरेला आहे आणि वातावरण चांगलं असेल तर गणेश हिमाल, मनास्लू, अन्नपूर्णा सगळी रांग बाजूने सरकत जाते. नवीन विमानतळ १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, तिथून लेकसाइड, म्हणजे तळ्याकाठची हॉटेलांची वस्ती, टॅक्सीने जवळच.

बसने पृथ्वी राजमार्गावरून सात ते नऊ तास धरा. अंतर २०० किलोमीटर बघून चार तासांत पोचू असं समजू नका, डोंगरातला रस्ता आहे, ट्रक आहेत आणि रुंदीकरणाचं काम कुठे ना कुठे चालू असतं. टुरिस्ट बस सकाळी सातच्या सुमारास सुटतात, जेवायला वाटेत थांबतात, नदी जवळजवळ सगळ्या रस्त्याला सोबत असते. रात्रीची बस अजिबात घेऊ नका. वेळ वाचतो असं वाटतं पण त्या रस्त्यावर रात्र नको. वाटेत कुरिनटारला मनकामना देवीची केबल कार आहे, १९९८ पासूनची. स्वतःची गाडी केली असेल तर तिथे थांबता येतं, पण शनिवारी नको, नेपाळात सुट्टी शनिवारी असते आणि मनकामनाला रांग फार लांब लागते.

दुसरा रस्ता रेल्वेचा, आणि बजेट कमी असेल किंवा लुंबिनी करायचं असेल तर हाच चांगला. मुंबईच्या एलटीटीवरून गोरखपूरला कुशीनगर एक्सप्रेस आणि काशी एक्सप्रेस जातात, तीस तासांच्या वरचा प्रवास आहे, जेवणाचा डबा घरचा घ्या. गोरखपूरहून सोनौली बॉर्डर ९०-९५ किलोमीटर, बस आणि शेअर गाड्या स्टेशनजवळच मिळतात. बॉर्डर चालत किंवा रिक्षाने ओलांडायची, पलीकडे बेलहिया, मग तीन-चार किलोमीटरवर भैरहवा. लुंबिनी तिथून तासाभराच्या आत. आपल्याकडचे खूप लोक, विशेषतः बौद्ध बांधव, लुंबिनीला आवर्जून जातात, सम्राट अशोकाचा स्तंभ आणि मायादेवी मंदिर शांतपणे बघायला अर्धा दिवस तरी हवा, आणि तिथे एक रात्र राहिलात तर पुढचा पोखराचा घाट ताज्या अंगाने होतो. भैरहवाहून पोखरा सिद्धार्थ राजमार्गाने पाल्पावरून, आठ-नऊ तास. वळणं खूप आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन पुढच्या सीटवर बसावं.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांना बॉर्डरवर भन्सार भरावा लागतो, म्हणजे कस्टमचं दिवसाप्रमाणे शुल्क. जितके दिवस लिहाल त्याच्या आत परत या, उशीर झाला तर दंड, म्हणून एक दिवस जास्तीचा लिहिलेला बरा.

पैसे, फोन, घड्याळ

आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०. हा दर १९९३ पासून तोच आहे, त्यामुळे हिशोब सोपा. दुकानदार भाव सांगतो तेव्हा एनसी की आयसी हे विचारा, एनसी म्हणजे नेपाळी, आयसी म्हणजे भारतीय रुपये, न विचारता पैसे दिले तर साठ टक्के जास्त जातात. भारतीय १०० च्या नोटा सर्रास चालतात. मोठ्या नोटांचं मात्र तसं नाही, २०१८ मध्ये नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि नंतर नियम बदलत आलेत, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या आणि काही झालं तरी १०० च्या नोटांचं एक बंडल बँकेतून घेऊनच निघा. बऱ्याच दुकानांत आणि हॉटेलांत फोनपेचा क्यूआर असतो, म्हणजे नेपाळमधलं फोनपे (Fonepay), आपलं PhonePe नव्हे, त्यावर २०२४ पासून आपलं यूपीआय चालतं. पण बोटवाला, टॅक्सीवाला, डोंगरातलं चहाचं दुकान, इथे रोखच.

सिम नेपाळ टेलिकम किंवा एनसेलचं, विमानतळावर किंवा लेकसाइडला ओळखपत्र आणि फोटो दाखवून मिळतं. मुक्तिनाथच्या बाजूला जाणार असाल तर टेलिकमचं घ्या. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे, बस चुकायला तेवढी पुरतात.

राहायचं कुठे

लेकसाइडला. स्थानिक नाव बैदाम. फेवा तालच्या पूर्व काठावर पसरलेली ही वस्ती आहे आणि सगळं चालत करता येतं. मधला भाग, म्हणजे बाराही चोक आणि हल्लन चोकच्या आसपास, दुकानं, हॉटेलं, रात्री उशिरापर्यंत गाणी. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मधल्या भागात पण मुख्य रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत घ्या, झोप लागेल आणि चालणंही कमी. शांतता हवी असेल तर उत्तरेला खहरेच्या दिशेने. दक्षिणेला डॅमसाइड, तिथून हिमालय जास्त मोकळा दिसतो पण बाजार थोडा लांब.

एक लक्षात घ्या, लेकसाइडच्या डोक्यावरच सारंगकोटचा डोंगर आहे, त्यामुळे तळ्याकाठच्या बऱ्याच हॉटेलांतून हिमालय अर्धाच दिसतो किंवा दिसतच नाही. हॉटेलवाला माउंटन व्ह्यू म्हणतो तेव्हा खोलीतून की गच्चीवरून हे विचारा. बहुतेक ठिकाणी गच्चीवरून असतो आणि तेवढं पुरेसं आहे, पहाटे चहा घेऊन गच्चीवर जायचं. गरम पाणी सोलरचं असेल तर सकाळी मिळेल का, तेही विचारून घ्या.

सकाळी कशा वापरायच्या

पहिली सकाळ तळ्याला द्या. सारंगकोटची घाई करू नका. उजाडताना बाराही घाटावर जा, डुंगा घ्या, म्हणजे तिथली लाकडी नाव, वल्हवणारा माणूस बरोबर घेता येतो किंवा स्वतः वल्हवा. दर काउंटरवर पाटीवर लिहिलेले असतात, घासाघीस करायची गरज नाही. लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. तळ्याच्या मध्यावर गेलात की उत्तरेकडे वळून बघा, सारंगकोटच्या मागून शिखरं वर येतात, आणि वारा पडलेला असेल तर पाण्यात माछापुच्छ्रे उलटं दिसतं. हे दृश्य काठावरून मिळत नाही, मध्यावरून किंवा पलीकडच्या अनदू बाजूने मिळतं. नऊनंतर वारा सुटतो, पाणी हलतं, प्रतिबिंब गेलं. तळ्यातल्या बेटावर ताल बाराहीचं देऊळ आहे, देवीचं, दुमजली पॅगोडा. दर्शन लवकर घ्या, शनिवारी नेपाळी भाविकांची खूप गर्दी असते. बेटावर प्लॅस्टिक टाकू नका, तळं आधीच गाळाने आणि जलपर्णीने त्रासलेलं आहे आणि तिथले लोक स्वतः पाण्यात उतरून ते काढत असतात.

दुसरी सकाळ सारंगकोट, उंची १,६०० मीटरच्या आसपास. केबल कार आहे, पण सूर्योदयासाठी टॅक्सीच करा, आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवा, हॉटेलवाले करून देतात. ऑक्टोबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या आसपास, त्याच्या सव्वा तास आधी लेकसाइड सोडा. जाकीट, टोपी घ्या, वर वारा असतो. आणि वर गेल्यावर सगळे सूर्याकडे तोंड करून मोबाइल धरतात तसं करू नका, सूर्य आपल्याकडेही उगवतो, तुम्ही त्याच्या डावीकडे, उत्तरेला बघा. सूर्य दिसायच्या आधीच उंच शिखरांना पहिला उजेड लागतो, सगळ्यात डावीकडे लांब धवलागिरी, ८,१६७ मीटर, मग अन्नपूर्णा दक्षिण, मध्ये माछापुच्छ्रे, उजवीकडे अन्नपूर्णा दोन आणि लमजुंग. आधी गुलाबी, मग केशरी, मग पिवळं, आणि मग एकदम पांढरं. दहा-पंधरा मिनिटांचा सगळा खेळ आहे, तेवढा वेळ फोन खिशात ठेवलात तरी चालेल. टॅक्सीवाला लगेच खाली चला म्हणतो, त्याला तासभर थांबायचं आधीच सांगून ठेवा.

तिसरी सकाळ तळ्यापलीकडच्या डोंगरावर, शांती स्तूप. इथे सगळ्यात छान रस्ता म्हणजे नावेने अनदूच्या काठाला उतरायचं आणि जंगलातून पायऱ्या-पायवाटेने पाऊण ते एक तास चढायचं. आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्यांना काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीने वरपर्यंत जावं, शेवटी थोड्या पायऱ्या तरीही आहेत. वरून खाली अख्खं तळं, पलीकडे शहर आणि त्यामागे पूर्ण रांग, पोखरात माझी सगळ्यात आवडती जागा हीच. स्तूप जपानच्या निप्पोनझान म्योहोजी पंथाचा आहे, त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, आणि वर्ध्याला पण असाच शांती स्तूप आहे. चपला काढायच्या, बोलायचं नाही, तिथे ते खरंच पाळतात. त्याच डोंगररांगेवर पुढे पुम्दीकोटला शंकराची मोठी मूर्ती आहे, चौथऱ्यासकट १०८ फूट, गाडी असेल तर दोन्ही एका सकाळीत होतं.

चौथी सकाळ मिळालीच तर राखीव ठेवा. एखाद्या दिवशी ढग असतातच, त्या दिवशीचं काम या दिवशी करता येतं. आणि सगळं आधीच झालं असेल तर बेगनास ताल, शहराच्या पूर्वेला पंधरा किलोमीटरच्या आत, फेवासारखंच पण गर्दी नाही, दुकानं नाहीत.

दुपारी काय

दुपारी ढग असतात तेव्हा खालच्या जागा बघा. डेव्हिस फॉल, स्थानिक नाव पाताले छांगो. फेवा तालातून बाहेर पडणारं पाणी इथे जमिनीत उडी मारतं आणि बोगद्यात गायब होतं. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत जोर असतो, मार्च-एप्रिलमध्ये धार बारीक, तेव्हा फार अपेक्षा नको. रस्ता ओलांडला की गुप्तेश्वर महादेव गुहा, खाली शिवलिंग आहे, आणि आणखी आत गेलं की तोच धबधबा आतल्या फटीतून दिसतो, हे फार लोकांना माहीत नसतं आणि ते शिवलिंगाचं दर्शन घेऊनच परत फिरतात. खाली ओल असते, घसरतं, चांगल्या ग्रिपच्या चपला घाला. पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून खालचा भाग बंद ठेवतात.

सेती नदी शहराच्या मधून वाहते पण दिसत नाही, कारण तिने इतकी खोल आणि अरुंद घळ कापलीय की काही ठिकाणी वरून फक्त एक फट दिसते आणि खालून आवाज येतो. के. आय. सिंह पुलावरून बघा, चुनखडीमुळे पाणी दुधासारखं पांढरं. तिथून बिंध्यवासिनी देवीचं देऊळ आणि जुना बाजार जवळ. जुना बाजार कोणी दाखवत नाही, पण जाच. भक्तपूरकडून आलेल्या नेवार व्यापाऱ्यांनी वसवलेला, विटांची घरं, लाकडी खिडक्या, तिबेट आणि भारत यांच्यातला व्यापार खेचरांवर चालायचा तेव्हाचा.

आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालयाला दोन तास द्या, विशेषतः ट्रेक करणारे असाल तर. ३ जून १९५० ला मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णावर पोचले, आठ हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं ते पहिलं शिखर, एव्हरेस्टच्याही तीन वर्षं आधी. तेव्हाचे बूट आणि कपडे बघितले की छातीत धस्स होतं. ताशीलिंगला तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे, गालिचे विणताना बघता येतात, घ्यायचे असतील तर थेट तिथे घ्या.

पॅराग्लायडिंग सारंगकोटवरून होतं, पायलटबरोबर, साधारण अर्धा तास. वारा आणि ढग बघून वेळ ठरते, म्हणून पहिल्याच दिवशी बुक करा म्हणजे रद्द झालं तर पुढचा दिवस उरतो. पायलटचं लायसन्स आणि तुमचा विमा याबद्दल विचारायला लाजू नका, चांगले लोक न विचारता दाखवतात. आधी भरपेट जेवू नका.

खाणं

थकाली सेट खा, एवढंच सांगितलं तरी पुरे. थकाली म्हणजे मुस्तांगकडच्या थाक खोलातले लोक, जुने व्यापारी, वाटेवर त्यांच्या खाणावळी असायच्या. काशाच्या ताटात भात, जिंबूची (हिमालयातल्या कांदा-लसणासारख्या वाळवलेल्या पात्यांची) फोडणी दिलेली डाळ, पालेभाजी, बटाटा, मुळ्याचं किंवा तिमुरचं (आपल्या तिरफळासारखं) अचार, तूप. भाताऐवजी ढिंडो मागता येतो, फापर म्हणजे कुट्टू, नाहीतर कोदो म्हणजे नाचणी, त्यांच्या पिठाची घट्ट उकड. डाळ, भात, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. शाकाहारी सेट सगळीकडे मिळतो. मोमो घेताना भेज (म्हणजे व्हेज) असं स्पष्ट सांगा, कारण बफ म्हणजे म्हशीचं मांस आणि ते तिथे रोजचं आहे. अगदी कडक शाकाहारी असाल तर मोमोबरोबर येणारं सूप कशाचं आहे तेही विचारा. स्वयंपाक मोहरीच्या तेलात असतो, वास काहींना उग्र वाटतो, पहिल्या दिवशी कमी खाऊन बघा. लेकसाइडला भारतीय जेवण पण मिळतं, पण चार दिवस पनीर बटर मसाला खायला एवढ्या लांब कशाला जायचं.

हिंदी जवळपास सगळ्यांना कळतं. तरी पुरुषाला दाइ, बाईला दिदी, लहान मुलीला बहिनी म्हणून हाक मारा, ऐ भैया करून ओरडू नका. नेपाळी लोक हळू बोलतात आणि आपल्या ग्रुपचा आवाज फार मोठा असतो.

मुक्तिनाथ आणि छोटा ट्रेक

आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ लोक पोखराला येतात ते मुक्तिनाथसाठी. विष्णूचं स्थान, १०८ धारा, खाली काली गंडकीत शाळिग्राम मिळतात. पण नीट ऐका, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखराहून जीपने एका दिवसात तीन हजार मीटर चढणं साठीच्या पुढच्या माणसाला धोक्याचं आहे, डोकं दुखणं, मळमळ, धाप असं झालं तर देवदर्शन बाजूला ठेवून लगेच खाली यायचं. पहिली रात्र मार्फा किंवा जोमसोमला काढा, ते २,७०० मीटरच्या आसपास आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून परत जोमसोमला उतरा. बीपी, हृदय, दमा असेल तर घरून निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पोखरा-जोमसोम विमान वीस मिनिटांचं, पण फक्त सकाळी उडतं कारण काली गंडकीच्या खोऱ्यात उन्हं वर आली की प्रचंड वारा सुटतो. हवा खराब तर रद्द, म्हणून पुढे एक दिवस मोकळा हवाच. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट लागतं, सार्क देशांना कमी दर आहे, पोखरातच काढून घ्या.

एवढं लांब नको असेल तर काँडेपर्यंत गाडी आणि तिथून दीड-दोन तास चढून ऑस्ट्रेलियन कॅम्प, २,००० मीटरच्या आसपास, एक रात्र तिथे, सकाळी धम्पुसला उतरायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही जमतं. हा भागही त्याच संरक्षण क्षेत्रात येतो, परमिट जवळ ठेवा.

परत निघताना

काठमांडूवरून आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या रात्री काठमांडूत मुक्काम ठेवा, त्याच दिवशी पोखराहून जोडायचं धाडस नको, रस्ता अडकतो आणि थंडीत सकाळच्या धुक्याने छोटी विमानं खोळंबतात. गोरखपूरची रेल्वे असेल तर पोखराहून सकाळची बस पकडून रात्रीची गाडी गाठायचा हिशोब कागदावर बसतो पण घाटात बसत नाही, मध्ये भैरहवा किंवा लुंबिनीला रात्र काढा, जाताना लुंबिनी राहिलं असेल तर आता बघून होईल. उरलेले नेपाळी रुपये बॉर्डरवरच बदला, पुढे भारतात कोणी घेत नाही. सोनौलीला बदलून देणारे बरेच आहेत, १६० ला १०० हा दर तोंडावर ठेवा आणि नोटा तिथेच, त्यांच्यासमोर मोजून घ्या.